खेळण्यातले सेल बाहेर पडले आणि दुकानदार म्हणतो, "आम्ही फक्त विकतो". मग जबाबदार कोण?

मुग्धा_पुणे | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण आज हात अजून थरथरतायत म्हणून इथे लिहितेय.

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. मागच्या रविवारी पेठेतल्या एका खेळण्यांच्या दुकानातून त्याला गाणी म्हणणारं पिवळं बदक घेतलं, ३५० रुपयांना. पोट दाबलं की गाणं लागतं आणि पंख हलतात. गुरुवारी संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि गाणं मध्येच थांबलं. बाहेर येऊन बघते तर बदक उलटं पडलेलं, पोटाखालचं झाकण बाजूला, आणि दोन बटणासारखे सेल फरशीवर. आत जागा तीन सेलांची होती. तिसरा कुठेच नाही. विचारलं, "बाळा, कुठे गेलं रे?" तर तोंड उघडून दाखवतो आणि हसतो.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते मला सांगता येणार नाही. दवाखाना, रिक्षा, एक्स-रे. नाकापासून खाली पोटापर्यंत सगळं बघितलं. सेल कुठेही नव्हता. डॉक्टर म्हणाले, नशीब.

घरी येऊन ते झाकण नीट पाहिलं. स्क्रूच नाही! नुसती खटकी आहे. मी अंगठ्याच्या नखाने उघडून बघितली, एका झटक्यात निघते. खोक्यावर कुठेही बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, आयएसआय खूण नाही. फक्त 'सीई' अशी दोन अक्षरं आणि एका हसऱ्या मुलाचा फोटो.

शुक्रवारी बदक घेऊन दुकानात गेले. मालक म्हणाले, "ताई, आम्ही काय कारखाना नाही काढलेला. माल वरून येतो तसा विकतो. हवं तर दुसरं काही घेऊन जा, पैसे नका देऊ." माणूस उद्धट नव्हता, हेही सांगते. पण माझ्यासमोरच त्यांच्या काउंटरवर तशीच आणखी आठ-नऊ बदकं रांगेत उभी होती.

माझा प्रश्न एवढाच आहे. बनवणारा कोण हे कळायला मार्ग नाही, आणणारा कोण तेही माहीत नाही. मला दिसतो तो फक्त दुकानदार. मग तो हात वर करू शकतो का? बिल म्हणून चिठ्ठी दिलीय, तिच्यावर '१ खेळणे – ३५०' एवढंच लिहिलंय.

---

श्रुती_ठाणे | रविवार, सकाळी ७:१०

बापरे मुग्धा. बाळ बरा आहे ना आता? वाचूनच पोटात गोळा आला. बदली खेळणं अजिबात घेऊ नकोस.

---

आप्पा_बेळगाव | रविवार, सकाळी ८:०४

मुग्धाताई, पोर सुखरूप आहे हे महत्त्वाचं. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात काय द्यायचं आणि तो खेळताना कोण जवळ बसायचं, हे घरच्यांनी बघायचं असतं. आम्ही मातीत खेळलो, भोवरे फिरवले, विटी-दांडू खेळलो, कुणी कुणावर खटला भरला नाही. प्रत्येक गोष्टीला दुकानदार जबाबदार धरला तर उद्या पोळपाट-लाटण्याचं दुकानही बंद करावं लागेल.

---

रेवती_डोंबिवली | रविवार, सकाळी ८:३१

आप्पा, आदर राखून सांगते. ती पोळ्या करत होती, सहलीला गेली नव्हती. आणि मूल एकटं खेळेल असं म्हणूनच खेळणं विकलं जातं. लाटणं 'वय २ ते ५' असं छापून कोणी विकत नाही.

---

डॉ_कानघसा | रविवार, सकाळी ९:२०

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सगळ्यांनी वाचावं अशी विनंती.

चपट्या सेलांमध्ये सर्वांत धोकादायक म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा, साधारण २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोब्बर अडकतो. लोकांना वाटतं आतलं रसायन गळून इजा होते. खरं तर ओलसर त्वचेला चिकटल्यावर सेलमधून प्रवाह सुरू होतो आणि त्या जागी तीव्र अल्कली तयार होते, म्हणजे दाहक सोड्यासारखी वस्तू. दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. मूल मात्र सुरुवातीला फक्त लाळ गाळतं, जेवत नाही, थोडं खोकतं. घरच्यांना सर्दी वाटते. एक्स-रेवर नाणं आणि सेल यांत फरक असतो, सेलच्या कडेला दुहेरी वलय दिसतं.

मुग्धाताईंनी वर्णन केलेले सेल शर्टाच्या बटणाएवढे, म्हणजे छोटे दिसतायत. ते बहुतेक वेळा पोटातून पुढे सरकतात. पण मुलं ते नाकात घालतात! नाकाच्या मधल्या पडद्याला त्याने भोक पडलेलं मी स्वतः पाहिलं आहे, आणि ते भोक आयुष्यभर राहतं. तुमच्या डॉक्टरांनी नाकापासून एक्स-रे काढला, अगदी योग्य केलं.

संशय आला तर थांबू नका. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्यात नेताना दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, त्याने इजा थोडी कमी होते. पण मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

आप्पा, लक्ष ठेवणं हवंच. पण सेल तोंडात जायला तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ कोणतीही आई पाठ फिरवतेच.

---

साचेकाम | रविवार, सकाळी १०:४५

भोसरीत प्लास्टिकचे साचे बनवण्याचं काम करतो, म्हणून झाकणाबद्दल बोलतो.

सेलच्या झाकणाला स्क्रू लावायचा तर साच्यात दोन गोष्टी वाढतात. झाकणात भोक आणि खालच्या भागात स्क्रू धरायला एक उभी नळी. मग जोडणीच्या वेळी प्रत्येक नगाला एक माणूस स्क्रू पिळत बसतो. नुसती खटकी ठेवली की झाकण दाबलं की बसलं, काम झालं. एका नगामागे वाचतात ते पैसे चहाच्या कपाचेही नाहीत. पण लाखभर नग काढणाऱ्याला ते दिसतात.

यात 'चुकून राहिलं' असं काही नसतं. साचा बनतानाच ठरवलेलं असतं. छोटे सेल हत्याराशिवाय निघता कामा नयेत, हे विजेवर चालणाऱ्या खेळण्यांच्या मानकातच आहे. ताईंनी झाकण नखाने उघडलं, तिथेच ते खेळणं नापास झालं. त्याला प्रयोगशाळेची गरज नाही.

---

वकील_सातारकर | रविवार, दुपारी १२:१५

मूळ प्रश्नाकडे येतो. दुकानदार हात वर करू शकतो का? नाही. का नाही ते सांगतो.

केंद्र सरकारचा खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० सालचा. आधी त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू होणार होता, मग मुदतवाढ मिळाली आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची. साध्या खेळण्यांना आयएस (म्हणजे भारतीय मानक) ९८७३, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्यांना आयएस १५६४४.

आता भारतीय मानक ब्युरो कायदा २०१६, कलम १७ वाचा. सक्तीची खूण नसलेली वस्तू बनवणं, आयात करणं, वाटणं, विकणं, भाड्याने देणं, साठवणं, इतकंच काय विक्रीसाठी मांडून ठेवणं, सगळ्याला बंदी आहे. काउंटरवर रांगेत उभी असलेली ती आठ-नऊ बदकं म्हणजे 'मांडून ठेवणं'. कलम २९ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, पुन्हा केल्यास दंड किमान पाच लाख, आणि तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. "आम्ही फक्त विकतो" हा बचाव नाही, ती कबुली आहे.

दुसरी बाजू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ची. त्यात 'उत्पादन दायित्व', म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेची भरपाई, यावर पूर्ण प्रकरण आहे. कलम ८६ विक्रेत्याबद्दल. बनवणारा कोण हेच माहीत नसेल, किंवा माहीत असूनही त्याला नोटीस बजावता येत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेत येत नसेल, तर विक्रेता जबाबदार. निनावी खोकं विकणाऱ्यासाठीच जणू हे कलम लिहिलंय.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाळाला इजा झालेली नाही, देवाची कृपा, त्यामुळे उत्पादन दायित्वाचा मोठा दावा उभा राहणं कठीण. पण सुरक्षेचं मानक मोडून जीवाला धोकादायक वस्तू विक्रीला ठेवणं हेच स्वतंत्रपणे तक्रारीचं कारण आहे, इजा होईपर्यंत थांबावं लागत नाही. एक्स-रेचा खर्च मागता येईल, तो माल विकायचा बंद करा असा आदेशही मागता येईल.

---

नीलिमा_न्यूजर्सी | रविवार, संध्याकाळी ६:३०

इथे अमेरिकेत २००८ च्या कायद्यानंतर मुलांच्या वस्तूंवर माग काढता येईल अशी खूण लागते. कुठे बनली, कधी बनली, कोणत्या गटात बनली. माझ्या मुलीचं एक खेळणं परत मागवलं गेलं तेव्हा मी खालच्या बाजूचा छोटा आकडा जुळवून पाहिला आणि पैसे परत मिळाले. तरी निनावी विक्रेत्यांचा त्रास इथेही आहे. जुलै २०२४ मध्ये इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ॲमेझॉनला, दुसऱ्या विक्रेत्यांचा माल गोदामातून पाठवत असेल तर, 'वितरक', म्हणजे कायद्याने जबाबदार, ठरवलं. म्हणजे तेच भांडण, फक्त दुकान मोठं.

---

म्युनिकचा_मन्या | रविवार, संध्याकाळी ७:०२

'सीई' बद्दल. युरोपात बहुतेक खेळण्यांवर ही खूण बनवणारा स्वतःच लावतो, 'मी नियम पाळले' असं तो स्वतः जाहीर करतो. ते खोटं निघालं तर पकडायला इथे कोणीतरी असावं लागतं. म्हणून जुलै २०२१ पासून खेळण्यांसाठी, आणि १३ डिसेंबर २०२४ पासूनच्या नव्या नियमात इतर बहुतेक मालासाठीही, युरोपात राहणारा जबाबदार माणूस किंवा कंपनी असल्याशिवाय माल विकायचाच नाही असं केलंय. भारतात विकताना 'सीई'ला काहीही अर्थ नाही. मुग्धाताई, ती दोन अक्षरं बघून कोणी फसू नये.

---

खेळणीवाला_नाशिक | रविवार, रात्री १०:१८

बराच वेळ वाचत होतो. लिहू की नको असं झालं होतं. माझं नाशिकला खेळण्यांचं दुकान आहे, बावीस वर्षं. पलीकडच्या बाजूने थोडं बोलतो.

आधी हे सांगतो की त्या दुकानदाराचं चुकलं. पूर्ण चुकलं. तुम्ही ते बदक दाखवल्यावर बाकीची बदकं त्याच क्षणी काउंटरवरून उतरायला हवी होती.

पण माल कसा येतो ते ऐका. घाऊकवाल्याचा माणूस टेम्पो घेऊन येतो. तीस खोकी उतरवतो. अर्ध्यांचं पक्कं बिल असतं, अर्धी 'असाच माल' म्हणून येतात. विचारलं की म्हणतो, "शेठ, सगळं आयएसआयचंच आहे." २०२१ नंतर तर मी स्वतः पाहिलंय, एका पोराच्या खिशात आयएसआयच्या स्टिकरचा रोल होता आणि तो टेम्पोतच खोक्यांवर चिकटवत होता. दुसरी युक्ती म्हणजे खेळण्यावर '१४ वर्षांवरील' छापायचं. बाळाचा खुळखुळा आणि वर चौदा वर्षांवरील! किंवा 'शोभेची वस्तू' म्हणून लिहायचं.

मी आता तीन गोष्टी करतो. पक्कं बिल नसेल तर माल उतरवत नाही. खूण खोक्यावर छापलेली हवी, वरून चिकटवलेली असेल तर परत. आणि खुणेखालचा परवाना क्रमांक मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघतो. याने धंदा कमी झाला, खोटं बोलत नाही. माझ्याकडे ३२० ची गाडी आणि समोरच्या फुटपाथवर तशीच दिसणारी दीडशेला. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही लुटता. रोज ऐकतो.

माझं म्हणणं एवढंच. आम्हाला जबाबदार धरा, धरायलाच हवं. पण आमच्याकडून घाऊकवाल्याचं बिल मागा आणि त्याच्या दारात जा. नाहीतर दोन लाखांच्या दंडाने माझ्यासारखा एक दुकानदार बसेल आणि टेम्पो पुढच्या गावाला जाईल.

---

वकील_सातारकर | रविवार, रात्री १०:५०

खेळणीवाले दादा, मनापासून धन्यवाद. तुम्ही जे सांगताय ते कलम ८६ मध्येच आहे. पक्क्या बिलासकट भारतातला बनवणारा किंवा आयातदार दाखवता आला, माल जपून ठेवला-तपासला असेल आणि सूचना लपवल्या नसतील, तर भरपाईच्या दाव्यात तुमची बाजू खूप बळकट होते. पक्कं बिल हीच तुमची ढाल. मानक ब्युरोच्या कायद्यातला खूण नसलेला माल विकण्याचा गुन्हा मात्र वेगळा, तो बिल दाखवून जात नाही.

आणि मुग्धाताई, गिऱ्हाइकाला बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मागितलंच पाहिजे.

---

आप्पा_बेळगाव | सोमवार, सकाळी ७:४५

स्क्रूबद्दल साचेकाम यांनी लिहिलं ते वाचून मी माझं मत बदलतो. मुद्दाम स्क्रू वाचवला असेल तर ती आईची चूक नाही. काल फटकळ लिहिलं, मुग्धाताई, माफ करा.

आणि रात्री पडल्या पडल्या आठवलं. आमच्या गल्लीत भोवऱ्याची आर लागून दत्तूचं कपाळ फुटलं होतं. सहा टाके. कुणी खटला भरला नाही हे खरं, पण दत्तूच्या कपाळावरची खूण अजून आहे.

---

मुग्धा_पुणे | सोमवार, सकाळी ९:००

आप्पा, माफी कसली. माझ्या सासऱ्यांनीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं. सगळ्यांचे आभार, वाचतेय. बदक आणि दोन सेल बंद पिशवीत घालून कपाटात वर ठेवलेत.

---

शिक्षिका_बार्शी | सोमवार, दुपारी ४:२०

आमच्या बालवाडीतला अनुभव. वाढदिवसाला मुलं वर्गात सगळ्यांना भेट वाटतात. पालक घाऊक बाजारातून पन्नास नगांचं पाकीट आणतात, दहा-बारा रुपयांना एक. छोट्या गाड्या, दिव्याची अंगठी, उड्या मारणारा बेडूक. त्या दिव्याच्या अंगठीत असेच बटणसेल असतात! मागच्या वर्षी एका मुलीने अंगठी चावून दोन तुकडे केले, मी धावत जाऊन तोंडातून काढले.

तेव्हापासून पालकसभेत ठरवलंय की भेट म्हणून फक्त पेन्सिल, गोष्टीचं पुस्तक किंवा घरचा लाडू. दुकानदाराला जबाबदार धरूच, पण पन्नास नग घेऊन ते पंचवीस घरांत पोचवणारे आपणच असतो.

---

रेवती_डोंबिवली | सोमवार, दुपारी ४:५५

लाडूची कल्पना फार आवडली. माझ्या मुलाच्या वर्गात सुरू करायला सांगते.

---

सावंतवाडीकर | सोमवार, रात्री ८:१०

अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या सावंतवाडीत चितार आळीत जा. लाकडी फळं, बैलगाडी, भातुकलीचा संच, पाळण्यावर टांगायची चिमणाळी. बोट फिरवलं तर कुठे कूस लागत नाही. कारागीर तुमच्यासमोर बसलेला असतो, त्याला नाव आहे, घर आहे, चूक झाली तर पुढच्या मे महिन्यात तोच भेटतो. प्लास्टिकच्या मागे लागून आपण हे का सोडलं?

---

श्रुती_ठाणे | सोमवार, रात्री ८:४०

सावंतवाडीकर, माझ्याकडे अजून आईची लाकडी भातुकली आहे, जातं-उखळीसकट. पण एक शंका. या खेळण्यांवर तर आयएसआय खूण नसते. मग वकीलदादांच्या हिशेबाने तीही बेकायदा?

---

वकील_सातारकर | सोमवार, रात्री ९:१५

चांगला प्रश्न. नाही. डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती झाली. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्यांची खेळणी वगळली आहेत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या कारागिरांना याचा फायदा झाला. पण नोंदणी हवी.

---

डॉ_कानघसा | सोमवार, रात्री १०:०५

सूट म्हणजे सुरक्षित असं नाही, एवढं जोडतो. लाकडी खेळण्यालाही छोटा मणी असेल तर तो मणीच आहे. आणि रंग कोणता, हे विचारायला हवं. लाखेचा वनस्पतीरंग वेगळा आणि बाजारातला शिसं असलेला रंग वेगळा. शिसं शरीरात साठतं, मेंदूला इजा करतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

जत्रेतल्या पिपाणीची एक गोष्ट सांगतो. सात वर्षांचा मुलगा, तीन दिवस खोकला. त्याला तपासायला खुर्चीत बसवला आणि तो श्वास घेताना शिट्टी वाजली. श्वास सोडला, परत वाजली. पिपाणीचा आतला प्लास्टिकचा तुकडा उजव्या श्वासनलिकेत जाऊन बसला होता. आई म्हणाली, "मला वाटलं छातीत कफ वाजतोय." दुर्बिणीने काढला, मुलगा दुसऱ्या दिवशी घरी गेला.

घरी तपासायची सोपी रीत म्हणजे संडासच्या कागदाच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी. मानकातलं खरं मापडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं, ही नळी त्याहून थोडी रुंद, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा जो भाग तिच्यातून आरपार जातो तो घरात नको.

---

मनोज_लातूर | सोमवार, रात्री ११:३०

मग जत्रेतल्या पिपाणीवाल्यालाही दोन लाख दंड करायचा का? तो दिवसाला चारशे रुपये कमावतो, पाठीवर काठी आणि काठीला फुगे. मला हे पटत नाही. कायदा गरिबावरच चालतो, मोठ्यांना कोण धरतं?

---

खेळणीवाला_नाशिक | मंगळवार, सकाळी ८:२०

मनोजभाऊ, मोठ्यांनाही धरलंय. जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्युरोने महिनाभरात मॉलमधल्या आणि विमानतळावरच्या नावाजलेल्या दुकानांतून १८,६०० खेळणी जप्त केली, खूण नव्हती म्हणून. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील यांनाही नोटिसा दिल्या. आमच्या व्यापाऱ्यांच्या गटात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. पण पिपाणीवाल्याबद्दल तुमच्याशी सहमत. त्याला जो घाऊकवाला गोणी देतो त्याला धरा.

---

मनोज_लातूर | मंगळवार, सकाळी ९:०२

हे माहीत नव्हतं. मग ठीक. घाऊकवाल्यावर मीही तुमच्या बाजूने.

---

रेवती_डोंबिवली | मंगळवार, दुपारी १:४०

काल रात्री घरातली सगळी खेळणी जमिनीवर मांडून तपासली. एकूण ४१ निघाली (कधी झाली इतकी?). त्यातल्या २३ वर काहीच खूण नाही. सात खेळण्यांवर खूण आहे, पण परवाना क्रमांक नाही. एका खेळण्याचा क्रमांक ॲपवर टाकला तर तो भलत्याच वस्तूच्या कारखान्याचा निघाला. खरी खूण अशी असते: वर आयएसचा क्रमांक, मध्ये आयएसआयचं चिन्ह, खाली सीएम/एल आणि पुढे परवान्याचे आकडे. तिन्ही हवेत.

दोन गाड्यांची चाकं दातांनी निघाली. हो, मी चावून पाहिली. नवरा बघतच राहिला.

---

साचेकाम | मंगळवार, दुपारी २:१५

रेवतीताई, चावून बघण्याला आमच्याकडे खेचण्याची चाचणी म्हणतात. तुम्ही योग्य तेच केलंत. 

---

नीलिमा_न्यूजर्सी | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

दोन गोष्टी कृपया लगेच काढून टाका. एक, लोहचुंबकाचे छोटे गोळे. एक गिळला तर एकवेळ निघून जाईल, पण दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधल्या आतड्याला भोक पडतं. दुसरी, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. सुके असताना साबुदाण्याएवढे, पोटात जाऊन फुगतात आणि आतडं बंद करतात, एक्स-रेवर सहसा दिसत नाहीत. भारतात सुट्टीवर आले होते तेव्हा स्टेशनरीच्या दुकानात पाच रुपयांच्या पुडीत मिळत होते.

---

श्रुती_ठाणे | मंगळवार, संध्याकाळी ८:०५

ते मणी आत्ता माझ्या फुलदाणीत आहेत. काढते.

---

मुग्धा_पुणे | दोन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:३०

काय झालं ते सांगायला आलेय. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं.

वकीलदादांनी निरोपात सांगितल्याप्रमाणे तीन कामं केली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. 'बीआयएस केअर' ॲपवर खोक्याचे चारही बाजूंचे फोटो, उघडं झाकण आणि चिठ्ठी जोडून तक्रार टाकली. आणि दुकानदाराला लेखी पत्र दिलं, पोच घेऊन. त्यात भांडण नव्हतं. तीन मागण्या होत्या: ती बदकं काउंटरवरून काढा, पक्कं बिल द्या, आणि माल कोणाकडून घेतला ते लिहून द्या.

पत्र वाचून ते आधी चिडले. म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला ताई..." मी काही न बोलता पिशवीतलं बदक काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "काका, नखाने उघडा." त्यांनी उघडलं. दोन्ही सेल त्यांच्या तळहातावर पडले. बराच वेळ ते सेलांकडे बघत होते. मग म्हणाले, "माझी नात दीड वर्षाची आहे. तिच्याकडे पण हेच आहे." दुकानातल्या पोराला हाक मारून सगळी बदकं उतरवली आणि तिथूनच घरी सुनेला फोन लावला.

पक्कं बिल मिळालं. घाऊकवाल्याचं नाव सांगायला मात्र दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून बोलावलं आणि व्हिजिटिंग कार्ड दिलं, मागे सही करून. ते मी तक्रारीला जोडलंय. ग्राहक आयोगात जायचं की नाही हे ठरवतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, हे वकीलदादांनी निरोपात समजावलं. मला पैसे नकोत. मला त्या कार्डावरचा माणूस आयोगासमोर उभा राहायला हवाय.

---

खेळणीवाला_नाशिक | रविवार, सकाळी ११:१२

ताई, त्या दुकानदाराने कार्ड दिलं ही छोटी गोष्ट नाही. उद्या घाऊकवाला त्याचा माल बंद करेल, उधारीही बंद करेल. त्याचा नंबर मला निरोपात देता का? पक्क्या बिलात माल देणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत, त्याला जोडून देतो.

---

मुग्धा_पुणे | रविवार, सकाळी ११:२०

त्यांना विचारून पाठवते, दादा. खूप आभार.

---

डॉ_कानघसा | रविवार, दुपारी १२:०५

आणि तिसरा सेल? तो सापडला का? घरात कुठेतरी पडलेला असेल तर धोका अजून आहे.

---

मुग्धा_पुणे | रविवार, दुपारी ३:४०

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून आम्ही परत घर पालथं घातलं. सोफा, पलंगाखाली, चपलांचा स्टँड. शेवटी सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याचा मातीचा गल्ला उचलला. रोज संध्याकाळी त्या त्याला एक रुपया देतात आणि तो आत टाकतो. नाण्यासारखं दिसलं म्हणून त्याने तेही टाकलं असणार. फोडला, तर अठ्ठावीस नाणी आणि मध्ये तो सेल. आता तिन्ही एकाच पिशवीत आहेत. गल्ला नवीन आणायचाय.